तळघर आणि पाण्याची वाट

जीर्णोद्धार समितीच्या कार्यकर्त्यांनी या स्मरणिकेसाठी देवस्थानच्या इतिहासावर चार शब्द लिहून द्यावेत, असा आग्रह धरला. ग्रामदैवताची आख्यायिका, यात्रेची परंपरा आणि शिखराचे काम यांवर इतर मंडळी अधिकारवाणीने लिहीत आहेतच. मी काही इतिहास संशोधक नव्हे. तालुका कचेरीत कारकुनी करणारा माणूस. जुने नकाशे, मोजणीचे कागद आणि गावोगावचे तंटे हाताखालून जातात, तेवढाच माझा इतिहासाशी संबंध. म्हणून सर्वांच्या नजरा कळसाकडे लागलेल्या असताना मी पायाखालचा विषय घेतला आहे. तो म्हणजे देवळालगतच्या देवस्थानच्या जुन्या वाड्याचे तळघर आणि त्यात दर पावसाळ्यात साठणारे पाणी.

विषय दिसायला किरकोळ आहे. पण या तळघरावरून समितीच्या बैठकीत तीन मते पडली, हे गावाला ठाऊक आहे. एक मत असे की, तळघर मुरूम टाकून बुजवावे आणि वर फरशी बसवून भक्तांसाठी सभागृह करावे. दुसरे मत असे की, आतून सर्वत्र सिमेंटचा जाड गिलावा देऊन पाणी बंद करावे. तिसरे मत वडीलधाऱ्या मंडळींचे. त्यांचे म्हणणे, पाणी आजचे नाही, वाडा बांधला तेव्हापासूनचे आहे. बांधणाऱ्याने त्याची काही ना काही तजवीज केलेली असणार, ती आधी शोधा. देणगीदारांचा पैसा खर्ची पडायचा आहे. तेव्हा या तीन मतांचा निवाडा करण्यापूर्वी आपले पूर्वज जमिनीखालच्या जागेत आलेल्या पाण्याशी कसे वागत, हे पाहणे उचित ठरेल.

पांढरी आणि काळी

आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग मानण्याची जुनी रीत आहे. वस्तीची ती पांढरी आणि शेतीची ती काळी. जुन्या कागदांत हे शब्द वारंवार येतात. या वाटणीत मोठे शहाणपण आहे. काळी जमीन पाणी धरून ठेवते. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आटते आणि तिला भेगा पडतात. तिच्यावर बांधलेल्या भिंतीला तडे जातात. म्हणून वस्ती शक्यतो उंचवट्यावर, मुरमाड किंवा पांढऱ्या मातीच्या जागी करीत. त्यामुळे पावसाचे पाणी आपोआप काळीकडे उतरे. गावाचा निचरा ही पहिली गोष्ट आणि घर ही दुसरी गोष्ट, असा तो क्रम होता.

तरीही जमिनीच्या पोटातले पाणी चुकत नाही. आपला मुलूख काळ्या पाषाणाचा. या पाषाणाचे थर एकावर एक बसलेले आहेत. काही थर कठीण, काही सच्छिद्र, आणि दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीचा पट्टा. पावसाचे पाणी भेगांतून खाली मुरते, कठीण थर लागला की आडवे वाहू लागते आणि वाट मिळेल तेथे बाहेर पडते. विहिरीला झरा लागतो तो असाच. तळघर म्हणजे पाण्याच्या दृष्टीने एक उथळ विहीरच. मात्र विहिरीतल्या झऱ्याची आपण पूजा करतो आणि तळघरातल्या झऱ्याला नावे ठेवतो!

सर्वांत जुनी उदाहरणे

पाणी कोंडणे आणि पाणी वाहून नेणे या दोन्ही विद्या आपल्या देशात फार जुन्या आहेत. सिंधूकाठच्या मोहेंजोदडो या नगरात इ. स. पूर्व २५०० च्या सुमाराची पक्क्या विटांची झाकलेली गटारे सापडली. घरातील न्हाणीचे पाणी रस्त्याच्या गटारात जाई. तेथील प्रसिद्ध स्नानकुंड सुमारे १२ मीटर लांब, ७ मीटर रुंद आणि जवळजवळ अडीच मीटर खोल आहे. त्यातून पाणी झिरपू नये म्हणून विटांच्या भिंतींमध्ये डांबराचा थर भरला होता. म्हणजे पाणी अडविण्याची युक्ती त्यांना अवगत होती. पण एवढा बंदोबस्त करूनही कुंडाच्या एका कोपऱ्यात त्यांनी पाणी बाहेर जाण्यासाठी मोठी कमानदार मोरी ठेवली. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

महाराष्ट्रातील लेणी ही एक प्रकारे डोंगरात कोरलेली तळघरेच होत. मुंबईजवळच्या कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. तेथे डोंगरावरून येणारे पावसाचे पाणी खडकात कोरलेल्या पन्हळींनी टाक्यांकडे वळविलेले आहे. जे पाणी लेण्यात शिरून नासधूस करणार, तेच भिक्षूंच्या पिण्यासाठी साठविले. या टाक्यांना शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे आणि त्या कोरण्यासाठी दान देणाऱ्यांची नावे दगडावर आहेत. म्हणजे देणगीदाराचे नाव दगडावर कोरण्याची आपली प्रथा सुमारे दोन हजार वर्षांची झाली!

देवळाने शिकविलेली गोष्ट

आता आपल्या मूळ विषयाजवळ, म्हणजे देवळापाशी येऊ. शंकराच्या देवळात आपण पूर्ण प्रदक्षिणा घालीत नाही. पिंडीवरील अभिषेकाचे पाणी ज्या बाजूने बाहेर येते, त्या पन्हळीपर्यंत जातो आणि परत फिरतो. तिला सोमसूत्री प्रदक्षिणा म्हणतात. गाभाऱ्यातून पाणी बाहेर नेणाऱ्या दगडी पन्हळीला शिल्पशास्त्रात प्रणाल म्हणतात. तिचे तोंड बहुधा उत्तरेस असते आणि त्यावर गाईचे किंवा मगरीचे मुख कोरलेले असते. जरा विचार केला तर ध्यानात येईल की, पाण्याची वाट ओलांडू नये, ती तुडवू नये, ती मोकळी ठेवावी, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनी थेट उपासनेत घालून दिली. निचऱ्याच्या मोरीला एवढा मान दुसरीकडे क्वचितच मिळाला असेल.

कित्येक शिवालयांचा गाभारा सभामंडपापेक्षा खोल असतो. अंबरनाथचे शिलाहारकालीन मंदिर शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे आहे. तेथे गाभाऱ्यात जाण्यास सुमारे वीस पायऱ्या उतराव्या लागतात. डोंगरउताराच्या गावांतील अनेक खोल गाभाऱ्यांत श्रावणात पिंडीभोवती पाणी चढते. भाविक त्यात पाय भिजवून दर्शन घेतात. भाद्रपद सरला की पाणी उतरते. शतकानुशतके हे चालले आहे आणि चिरेबंदी काम तसेच उभे आहे. कारण त्या कामाला भिजण्याचे भय नाही. त्याला भय आहे ते कोंडलेल्या पाण्याचे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे शिरोळ तालुक्यातील नरसोबाची वाडी. कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरील हे दत्तस्थान अगदी नदीकाठी आहे. पावसाळ्यात नदीचे पाणी चढते, उत्तरेकडून देवळात शिरते, पादुकांना स्पर्श करते आणि दक्षिण दरवाजाने बाहेर पडते. या प्रसंगास दक्षिणद्वार सोहळा म्हणतात आणि त्या पाण्यात स्नान करण्यासाठी दूरदूरचे भाविक येतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या मंदिरात हलवितात. पाणी उतरले की गाळ धुऊन काढतात आणि नित्यपूजा सुरू होते. येणाऱ्या पाण्याला एक दार आणि जाणाऱ्या पाण्याला दुसरे दार, ही योजना तेथे डोळ्यांनी पाहता येते.

वाडा, बळद आणि पेव

देवळाकडून वाड्याकडे वळू. आपल्याकडील चौसोपी वाड्याची रचना पाहिली तर ती पाण्याच्या हिशेबानेच केलेली दिसते. चारी सोप्यांच्या छपरांचे पाणी मधल्या चौकात पडते. चौक सोप्यांपेक्षा एकदोन पायऱ्या खाली असतो. त्याच्या फरसबंदीला एका कोपऱ्याकडे उतार असतो आणि तेथून झाकलेली मोरी ओसरीखालून बाहेर जाते. म्हणजे घरावर पडणारा सारा पाऊस घराच्या पोटातून जातो. ही मोरी वाहती असेपर्यंत वाडा कोरडा. ती तुंबली की तेच पाणी जमिनीत मुरून प्रथम तळघरात उतरते. पुष्कळ ठिकाणी तळघरातले पाणी म्हणजे पाताळगंगा नसून चौकातल्या तुंबलेल्या मोरीचे पाणी असते.

तळघराचे उपयोग अनेक होते. धान्यासाठी बळद असे, लुटालुटीच्या दिवसांत दागदागिने आणि भांडी ठेवण्याची सोय होई आणि उन्हाळ्यात गारव्याची जागा मिळे. धान्यासाठी जमिनीत पेवही खणीत. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. तेथील माती अशी की, पेवात ठेवलेली हळद दीर्घकाळ टिके. २००५ सालच्या महापुरात या पेवांत पाणी शिरले आणि फार मोठे नुकसान झाले. पेवाची जागा निवडताना ओल न लागणारी जमीन पाहिलेली असते. पण वरून आलेल्या पुरापुढे तो उपाय चालला नाही. जमिनीखालून येणारे पाणी आणि वरून येणारे पाणी यांचे उपाय वेगवेगळे आहेत, हा धडा त्यातून घ्यावा.

पाण्याला शेजारी घेऊन तळघर सुखरूप ठेवल्याची उदाहरणेही आहेत. छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचे औरंगाबाद, येथील पाणचक्की आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिली असेल. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांनी तेथे आणले आहे. त्या पाण्याच्या विस्तीर्ण हौदाचा तळ हेच त्याखालील प्रशस्त दालनाचे छत आहे. डोक्यावर एवढे पाणी असताना खाली माणसांनी उन्हाळ्यात गारव्याला बसावे, अशी ही योजना. साताऱ्याजवळील लिंब गावची बारा मोटेची विहीर विरूबाई भोसले यांनी इ. स. १७१९ ते १७२४ या काळात बांधविली. त्या विहिरीतच जमिनीच्या पातळीखाली छोटा महाल आहे. समोर पाणी आणि मधे दगडी दालन. ही कामे करणारे पाथरवट पाण्याचे वैरी नव्हते, सोबती होते.

पुण्यास नानासाहेब पेशव्यांनी इ. स. १७४९-५० च्या सुमारास कात्रजच्या तलावातून जमिनीखालील दगडी नळाने शहरात पाणी आणले. त्या नळावर जागोजाग उच्छ्वास ठेवले होते. तेथे पाण्यातला गाळ खाली बसे आणि आत उतरून तो काढता येई. नळ बांधतानाच तो पुढे तुंबणार हे गृहीत धरले होते. बांधकाम करणाराने देखभाल करणाराची आठवण ठेवली, ही त्यातली खरी थोरवी होय.

मग बिघडले कोठे?

एवढी विद्या असताना आजच्या जुन्या घरांची तळघरे कुबट आणि ओली का, असा प्रश्न वाचक विचारतील. माझ्या समजुतीप्रमाणे याची चार कारणे आहेत.

पहिले कारण रस्ता. दर काही वर्षांनी गावातल्या रस्त्यावर खडी आणि डांबर पडते. जुना थर न काढता त्यावरच नवा थर बसतो. रस्ता वीतभर, हातभर वर येतो आणि घर आपोआप खाली जाते. पूर्वी जोत्यावरून रस्त्याकडे वाहणारे पाणी आता रस्त्यावरून जोत्याकडे येते.

दुसरे कारण नळ. घागरीने पाणी भरण्याच्या दिवसांत घरात सांडपाणीच थोडे होते. नळ आल्याने बायाबापड्यांच्या डोक्यावरचा भार उतरला, हे फार मोठे काम झाले. २०१९ पासून जलजीवन मिशनमधून घरोघरी नळ देण्याचे काम हाती घेतले गेले. परंतु येणाऱ्या पाण्याची जेवढी चिंता झाली, तेवढी जाणाऱ्या पाण्याची झाली नाही. २००० साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात शोषखड्ड्यांचा प्रसार झाला, ते चांगलेच. पण जुन्या वाड्याच्या भिंतीला खेटून खणलेला शोषखड्डा ते पाणी कोठे मुरविणार? तळघरातच.

तिसरे कारण सिमेंट. सिमेंट ही वस्तू वाईट नव्हे. धरणे, पूल आणि आपला नवा सभामंडप तिच्याच जोरावर उभा आहे. परंतु जुनी भिंत दगड, माती आणि चुन्याची असते. ती जमिनीतली ओल शोषते आणि हवेत सोडते. चुन्याचा गिलावा तिला श्वास घेऊ देतो. त्यावर सिमेंटचा थर चढविला की ओल आत कोंडते आणि भिंतीच्या पोटातून वर चढू लागते. पाण्याबरोबर क्षार येतात, ते पृष्ठभागाशी साचतात आणि पोपडे सुटतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. गिलावा पडला की लोक आणखी जाड गिलावा देतात आणि ओल आणखी हातभर वर सरकते. माती-चुन्याची भिंत पावसाच्या सरीने मरत नाही, ती मुळाशी साठून राहिलेल्या पाण्याने मरते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि पुण्यात नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. तेव्हा मातीच्या भिंतींची घरे भिजून कशी कोसळली, हे त्या पिढीने पाहिले.

चौथे कारण लिहिताना संकोच वाटतो, पण इतिहास लिहायचा म्हटल्यावर ते गाळता येणार नाही. पूर्वी गावाची गटारे, मोऱ्या आणि विहिरींच्या वाटा ठराविक घराण्यांकडून साफ करून घेतल्या जात. वर्षाचे चार पसा धान्य आणि सणाचा वाटा एवढ्यावर ते काम चाले. ज्यांच्या हातांनी देवळाभोवतीची पाण्याची वाट मोकळी राहिली, त्यांना त्याच देवळाची पायरी चढण्यास मनाई होती. नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी सुरू झाला. पंढरपूरचे मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले. ती जुनी व्यवस्था मोडली हे योग्यच झाले. परंतु त्या लोकांनी काम सोडले, तेव्हा ते आपण सर्वांनी वाटून घ्यावयास हवे होते. ते आपण घेतले नाही. मोऱ्या तुंबल्या त्या तेव्हापासून. गाडगेबाबा गावात आले की प्रथम खराटा हाती घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत. ते कशासाठी, याचा अर्थ येथे लागतो.

आपल्या वाड्यात काय आढळले

आता घरची गोष्ट. आपल्या वाड्याच्या तळघरात पूर्वी घोट्यापर्यंत पाणी येई आणि दसऱ्यापर्यंत निघून जाई, असे वृद्ध मंडळी सांगतात. मधल्या काळात झालेल्या एका दुरुस्तीत आतून सिमेंटचा कोबा आणि गिलावा झाला. त्यानंतर पाणी गुडघ्यापर्यंत येऊ लागले आणि दिवाळी उलटली तरी हटेना. उत्सवाची तांब्यापितळेची भांडी वर हलवावी लागली आणि पालखीच्या जुन्या दांड्याला बुरशी धरली.

यंदा देवळाच्या पूर्वेकडील फरसबंदी उकरली तेव्हा वाड्याच्या बाजूने आलेली दगडी मोरी लागली. वीतभर रुंद, दोन्ही बाजूंना घडीव दगड आणि वर चिपांचे झाकण. ती पिंपळाच्या मुळ्यांनी आणि रस्त्याच्या खडीने गच्च भरली होती. गावातील तरुणांनी ती आठ दिवसांत हाताने मोकळी केली. मोरी तळघराच्या ईशान्य कोपऱ्यातून निघून जुन्या फुलबागेकडे जाते. त्या कोपऱ्यातला कोबा फोडला तेव्हा खाली दगडात कोरलेली खळगी आणि मोरीचे तोंड सापडले. तळघराच्या मूळ फरशीचा उतारही त्याच बाजूला होता. तेव्हा वडीलधाऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. तजवीज होती, आपण ती बुजविली होती. न्हाणीघराचे सांडपाणी नेणारी दुसरी मोरी निराळी असून ती ओढ्याकडे जाते. स्वच्छ पाझर आणि सांडपाणी त्यांनी एकत्र होऊ दिले नाही, हेही नोंदवून ठेवतो.

पुढे काय करावे

प्रथम पाण्याचा स्वभाव ओळखावा. पाऊस पडताच घटकाभरात पाणी आले तर ते छपराचे, पागोळीचे किंवा तुंबलेल्या मोरीचे. पाऊस थांबल्यावर काही दिवसांनी आले आणि हळूहळू उतरले तर ते जमिनीतले. पाऊस नसतानाही भिंतीला घाम फुटला तर तो हवेतला. शंका असेल तर भिंतीवर प्लॅस्टिकचा कागद चारी कडांनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. थेंब बाहेरच्या अंगाला धरले तर दमट हवेचे, आतल्या अंगाला धरले तर भिंतीतले. मोरी कोठे जाते हे कळत नसेल तर पाण्यात नीळ किंवा गुलाल कालवून ओतावा आणि दुसऱ्या टोकाला माणूस उभा करावा.

उपाय बाहेरून आत करावेत. आधी पागोळीचे पाणी पन्हळीने भिंतीपासून दूर न्यावे. मग भिंतीलगतची जमीन घराकडून बाहेर उतरती करावी. शोषखड्डा दूर हलवावा. मग मोरी. तरीही पाणी राहिलेच तर कोपऱ्यातल्या खळगीत छोटा पंप बसवावा. आतील सिमेंट हलक्या हाताने काढून चुन्याचा गिलावा द्यावा. पायाच्या दगडाखाली मात्र कोणीही खणू नये. झरोके बुजवू नयेत. कोरड्या हिवाळी हवेत ते उघडे ठेवावेत. आषाढ-श्रावणातील कुंद हवेत ते सताड उघडे ठेवल्याने तळघर वाळत नाही, उलट थंड दगडाला ती हवा लागून आणखी घाम येतो.

जिवाला जपण्याच्याही काही गोष्टी आहेत. बरेच दिवस बंद असलेल्या तळघरात किंवा पेवात एकदम उतरू नये. ते काही काळ उघडे ठेवावे, आधी दोरीने दिवा सोडून पाहावा. दिवा विझला तर उतरू नये आणि जळत राहिला तरी एकट्याने उतरू नये. पाणी साचलेले असताना विजेचा प्रवाह बंद केल्याशिवाय पाय ठेवू नये. तळघर तुडुंब भरले असेल तर मोठा पंप लावून एका दिवसात रिकामे करू नये. बाहेरची माती पाण्याने जड झालेली असते. आतला आधार एकाएकी गेला की भिंत आत येते. रोज थोडे थोडे उतरवावे.

आता माझ्या खात्याला धरून एक गोष्ट. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली आणि घरांच्या मिळकत पत्रिका तयार होऊ लागल्या. हे काम उपयुक्त आहे. पण आकाशातून भिंती दिसतात, जमिनीखालची मोरी दिसत नाही. आपली मोरी दोन खासगी परसांखालून जाते. उद्या तेथे कोणी शौचालयाचा खड्डा खणला, तर दोष त्याचा नव्हे, नोंद नसल्याचा. सुविधाधिकाराच्या १८८२ च्या कायद्याप्रमाणे वीस वर्षे उघडपणे, हक्काने आणि अखंड वापरलेल्या पाण्याच्या वाटेवर हक्क सांगता येतो. परंतु पागोळी आणि मोरीवरून भाऊबंद कोर्टाची पायरी कशी झिजवितात, हे मी रोज पाहतो. त्यापेक्षा शेजाऱ्यांच्या संमतीने मोरीचा साधा नकाशा काढावा, त्यावर सह्या घ्याव्यात आणि एक प्रत ग्रामपंचायतीत व एक देवस्थानच्या दप्तरात ठेवावी. कोर्टाच्या एका तारखेपेक्षा हे स्वस्त पडेल.

तळघर बुजविण्याच्या सूचनेबद्दल एवढेच सांगतो. पंढरपूरला २०२४ साली विठ्ठल मंदिराच्या जतनाचे काम झाले. त्या वेळी गाभाऱ्यात नंतरच्या काळात बसविलेल्या फरश्या काढून मूळ दगडी रूप मोकळे केले गेले. त्याच कामात हनुमान दरवाजाजवळ तळघर आढळले आणि त्यातून जुन्या मूर्ती आणि नाणी निघाली. एकीकडे आपली थोर देवस्थाने वरचे थर काढून मूळ काम उघडे करीत असताना, आपण आपले मूळ काम मुरमाखाली गाडावे काय, याचा विचार समितीने आणि ग्रामस्थांनी करावा. शिवाय तळघर बुजविल्याने पाणी नाहीसे होत नाही. ते मुरमात मुरून राहील आणि वाड्याच्या पायात, तेथून देवळाच्या जोत्यात शिरेल. ज्या जोत्यावर लाखो रुपये खर्चून आपण नवे काम चढविले, त्याच्याच मुळाशी पाणी बांधून ठेवल्यासारखे होईल.

देणगीदारांना एक नम्र विनंती करून हा लेख पुरा करतो. सभामंडपाच्या खांबांवर, पायरीवर, घंटेवर आपली नावे येतील आणि ती यावीत. परंतु मोरीवर कोणाचे नाव कोरता येत नाही. ज्याने ही मोरी बांधली आणि ज्यांनी ती पिढ्यान् पिढ्या साफ केली, त्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही. तरी वाडा आणि देऊळ उभे राहिले ते त्यांच्यामुळे. म्हणून मोरीची दुरुस्ती, दोन ठिकाणी गाळकुंड्या आणि तळघराचा चुन्याचा गिलावा एवढ्या कामासाठी ज्यांना बिननावाचे दान देण्याची इच्छा असेल, त्यांनी समितीकडे कळवावे. आणि दरवर्षी मृग निघण्यापूर्वी एक दिवस सर्व आळ्यांनी, सर्व जातीच्या घरांनी, पाळीपाळीने खोरे-घमेले घेऊन मोरी साफ करण्याचे ठरवावे. यात्रेच्या मानकऱ्यांची यादी असते, तशी या कामाची यादी देवळात लागावी. त्या यादीत पहिल्या वर्षी माझ्या घराचे नाव घालावे, असे मी समितीस लेखी कळविले आहे.

कळस दूरवरून दिसतो, मोरी शेजारूनही दिसत नाही. गावाचे देऊळ दोघांच्या आधारावर टिकते. ग्रामदैवत आपणा सर्वांना तशी बुद्धी देवो, हीच प्रार्थना.